काळ्या तेलाचा पुरावा

आमच्या नानांनी पहिल्या भेटीत कुणावर विश्वास ठेवलेला मी पाहिलेला नाही, आणि दुसऱ्या भेटीत ठेवला असंही आठवत नाही. दूधवाल्याचं माप आधी उलटं करून बघायचं. गादी पिंजायला दिली तर कापूस तोलून द्यायचा आणि गादी शिवून आल्यावर पुन्हा तोलायची; खोळीचं वजन आधीच वेगळं घेऊन ठेवलेलं. मला एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा सैन्यात आहे म्हटल्यावर नानांनी पोहे यायच्या आत उलटतपासणी सुरू केली. युनिट कुठलं, सुभेदारसाहेब कोण, सकाळची फॉलिन, म्हणजे हजेरीची रांग, किती वाजता. मुलगा खरंच सैन्यात होता, पण असला सासरा कोण पत्करणार? मुलाकडच्यांनी घरी जाऊन नकार कळवला. आई आठ दिवस नानांशी बोलली नाही. नानांचं म्हणणं एवढंच, "घाम कशाला आला त्याला? कायतरी असणारच."

नाना म्हणजे नाथाजी साळुंखे, सैन्याच्या सिग्नल कोअरमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गाव साताऱ्याजवळचं, पण पेन्शनवर आल्यावर आईच्या माहेराजवळ म्हणून सांगलीजवळच्या माधवनगरात घर केलं आणि पुढच्या खोलीत स्पीकर दुरुस्तीचं दुकान टाकलं. हाताला कसब होतं. जळलेली तारेची कॉईल काढून त्याच मापाची नवी गुंडाळायची आणि ती चुंबकाच्या बारीक फटीत कुठंही न घासता बसवायची, हे काम ते साठी उलटल्यावरही चष्मा न लावता करत. मी क्रांती, त्यांची एकुलती एक मुलगी. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तपासणीचं काम करते, तिथंच खोली घेऊन राहते आणि महिन्यातून दोनदा एसटीनं घरी येते. कारखान्यात तू नेमकं काय करतेस, हे नानांनी मला एकदाही विचारलं नाही. कामाच्या गोष्टी घरी बोलायच्या नसतात, असं त्यांनी माझ्या वतीनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

सगळा दोष त्यांचा नाही. तरुणपणी एका उंच चौकीवर असताना कुठल्याशा ठेकेदारानं पुरवलेली वायरलेसच्या बॅटऱ्यांची सीलबंद पेटी त्यांनी न उघडता सही करून घेतली. आत निम्म्या बॅटऱ्या मेलेल्या निघाल्या. दोन दिवस चौकी मुकी होती आणि एका आजारी जवानासाठी खाली निरोप जाऊ शकला नाही. तो वाचला, पण त्याच्या पायाची बोटं गेली. तेव्हापासून नाना प्रत्येक पेटी उघडतात.

अशा माणसाला मित्र मिळाला तो एकच, बिराप्पा खांडेकर. जतकडचे, मेंढपाळाच्या घरातले. अर्धं बालपण बापामागं मेंढरं घेऊन फिरण्यात गेलं, मग साउंडचा धंदा धरला. अठरा वर्षांपूर्वी ते घोंगड्यात गुंडाळलेला कर्णा घेऊन आमच्या दुकानात आले. नानांनी रीतसर परीक्षा घेतली. दुरुस्त कर्णा परत देताना पेटीत एक नवी कोरी कॉईल चुकून राहिल्यासारखी ठेवून दिली. बिराप्पाकाका बसस्टँडवरून चालत परत आले, "तुजी वस्तू ऱ्हायली बग," म्हणाले आणि ठेवून गेले. नानांनी हाच प्रयोग आणखी तीनदा केला. चौथ्यांदा काका म्हणाले, "गड्या, सारखं इसरतोस. बदाम खात जा." तेव्हा नाना हसले, आणि तिथून पुढं हा एक माणूस संशयाच्या यादीतून कायमचा वगळला गेला. आई म्हणायची, माझ्यावर नाही एवढा विश्वास त्या बिराप्पावर. ते खरंच होतं.

बिराप्पाकाकांचा साउंड बहुतेक कुस्त्यांच्या मैदानात लागायचा. आमच्याकडं कुस्ती नुसती बघत नाहीत, ऐकतातही. निवेदक माईकवर पैलवानाच्या गावापासून वस्तादापर्यंत सगळं सांगतो, आणि तो शब्द मैदानाच्या शेवटच्या माणसापर्यंत स्पष्ट गेला पाहिजे. शब्दाची ही धार येते बॉक्समधल्या वरच्या भोंग्यातून. त्याच्या मागं मुठीएवढं एक यंत्र असतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात: एक चुंबक, त्याच्यातली गोल फट, आणि फटीत थरथरणारी तारेची कॉईल. तो गेला की खालची धमधम तेवढी राहते आणि बोलणं गोधडीखालून आल्यासारखं येतं.

गेल्या दिवाळीनंतर काकांनी पुण्याकडून चार जुने पण भारी बॉक्स आणले. एकाचा भोंगा खरखरत होता म्हणून चारही नानांकडं टाकले. नानांनी पहिला ड्रायव्हर उघडला आणि त्यांचे डोळे बारीक झाले. फटीत काळं तेल होतं. आयुष्यभरात त्यांनी शेकडो कॉईली भरल्या होत्या, पण फटीत कधी तेल पाहिलं नव्हतं. तिथं हवाच असायला हवी. त्यांनी उरलेले तीन उघडले. तिन्हीत तेल.

सैन्यात रायफल साफ करताना नळीतून चिंदी ओढतात. ती पांढरी निघेपर्यंत हात थांबवायचा नाही, हा नियम नानांच्या हाडात मुरलेला. त्यांनी पांढऱ्या कापडाच्या बारीक पट्ट्या कापल्या, पेट्रोलची वाटी घेतली आणि बसले. पण तेल नेहमीच्या तेलासारखं वागेना. ड्रायव्हर उलटा केला तरी थेंब गळेना. एका बाजूनं टिपलं की दुसऱ्या बाजूचं सरकत येऊन रिकामी जागा भरून काढी. नानांच्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला चुंबक होतं. ते जवळ नेलं तर एक थेंब ताणला गेला आणि टोकाला जाऊन चिकटला. दुसऱ्या कुणालाही इथं नवल वाटलं असतं. नानांना खात्री पटली. चुंबकाला चिकटतं म्हणजे तेलात लोखंडाचा कीस आहे. कीस आपोआप येत नाही, म्हणजे कुणीतरी मुद्दाम घातलाय.

"बिराप्पा, तुला फसवलंय त्या पुण्याच्या माणसानं," ते म्हणाले. "आत जळकं तेल वतलंय. कीस घालून."

"वतलं आसंल," काका म्हणाले. "तू साफ कर गड्या. तू केलंस म्हंजे झालं."

पाच तास खपून नानांनी चारही ड्रायव्हर, आणि मालाबरोबर जादा आलेला एक सुटाही, चिंदी पांढरी निघेपर्यंत साफ केले; सुटा कपाटातच राहिला. आवाज आधीपेक्षा थोडा टोकदारच निघाला, त्यामुळं तेही खूश. मग सवयीप्रमाणं प्रत्येक स्क्रूवर लाल लाखेचा ठिपका दिला. कुणी उघडलं तर ठिपका फुटतो आणि कळतं.

फेब्रुवारीत काकांनी तेच बॉक्स जत्रांच्या हंगामाआधी नुसते बघून घ्यायला टाकले आणि चहालाही न थांबता गेले. नानांनी ठिपके तपासले. दोन बॉक्सचे फुटलेले होते. आत उघडून बघितलं तर तिथं पुन्हा काळं तेल, तसंच चुंबकाला धरून बसलेलं.

पुढचं मला नंतर कळलं, काही आईकडून आणि काही नानांच्या वहीतून. वहीत तारीख, वेळ, बॉक्स नंबर आणि 'परिस्थिती संशयास्पद' असं ठळक अक्षरात लिहिलंय. नानांनी काकांना विचारलं नाही. शत्रूला सावध करायचं नसतं म्हणे! अठरा वर्षांचा मित्र एका रात्रीत शत्रू झाला. एका ड्रायव्हरमधलं तेल त्यांनी औषधाच्या बाटलीत काढून घेतलं, बुचावर लाख ओतली, चिठ्ठी चिकटवली आणि तो ड्रायव्हर साफ करून जागेवर लावला. दुसरा तेलासकट ट्रंकेत ठेवून दिला, पुरावा म्हणून, आणि त्याच्या जागी आपल्याकडचा एक साध्या, बिनतेलाच्या बनावटीचा बसवला. आणि मग कारण शोधू लागले. कारण शोधणाऱ्याला ते सापडतंच. काकांचा पुतण्या विश्वजित सांगलीत दुरुस्तीचं दुकान टाकणार, अशी बातमी होती. झालं! नानांचं काम खराब ठरवायचं, नाव घालवायचं आणि गिऱ्हाईक पुतण्याकडं वळवायचं. जुळलं सगळं. आई म्हणाली, "आवं, इचारा तरी त्यास्नी एकदा." नाना म्हणाले, "चोराला इचारून चोरी कळती व्हय?"

मार्चमध्ये मिरजेच्या पूर्वेला एका गावात मोठं मैदान होतं. नाना मुद्दाम गेले, काकांना न सांगता. मानाची कुस्ती लागली, निवेदकाचा आवाज चढला आणि एकेक करून भोंगे गेले. नानांनी स्वतःकडचा बसवलेला तेवढा एक चालत होता. हजारो माणसं ओरडायला लागली. कमिटीचे लोक काकांच्या मिक्सरपाशी धावले. काका त्यांना म्हणाले, "दुरुस्ती माज्या दोस्ताची हाय, ती चुकायची न्हाई. माल जुना हाय, माजी चूक." नाना पाचच पावलांवर उभे होते. हे वाक्य त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं, तरी थांबले नाहीत.

"चूक न्हवं, डाव हाय तुजा!" ते ओरडले. "तूच परत परत तेल वतलंस. पुतण्याचं दुकान चालावं म्हून. सांग, माजा ठिपका फोडून उघडलंस का न्हाई?"

काकांचा चेहरा उतरला. "उघडलं," ते म्हणाले.

"का उघडलंस?"

काका काहीच बोलले नाहीत. खाली बघत राहिले. नानांना आणखी काय हवं होतं? कुणीतरी हे सगळं मोबाईलवर घेतलं आणि संध्याकाळपर्यंत जिल्ह्यातल्या साउंडवाल्यांच्या ग्रुपवर फिरवलं. चैत्रातली काकांची तीन मैदानं रद्द झाली. स्वतःच्या मशीनमध्ये तेल ओतणारा माणूस मैदानावर कोण घेणार?

मी घरी आले ती एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. नाना वाळले होते. जिंकलेला माणूस असा दिसत नाही. आईनं सगळं सांगितलं, मी व्हिडिओ पाहिला आणि माझं डोकं फिरलं. "काय पुरावा आहे तुमच्याकडं?" मी विचारलं. नानांनी कपाट उघडून बाटली माझ्यापुढं ठेवली, न्यायाधीशासमोर ठेवावी तशी.

मी बाटली खिडकीकडं धरली आणि हलवली. हे तेल मी रोज बघत होते. सहा वर्षं बघत होते.

आमच्या कारखान्यात हवा काढून टाकलेल्या बंद यंत्रांचे भाग बनतात. अशा यंत्रात बाहेरून फिरणारा दांडा आत न्यायचा, तर दांडा आणि भोक यांच्यातली फट बुजवावी लागते. नाहीतर हवा आत शिरते. रबर लावलं तर ते झिजतं. म्हणून त्या फटीत हे काळं तेल भरतात आणि भोवती चुंबक ठेवतात. तेलात लोखंडाच्या काळ्या, चुंबकी गंजाचे इतके बारीक कण असतात की ते तळाला बसत नाहीत, एकमेकांना चिकटत नाहीत, कीस म्हणून बोटाला लागत नाहीत. चुंबकाचा जोर जिथं जास्त, तिकडं सगळं तेल ओढलं जातं आणि तिथंच थांबतं. दांडा फिरत राहतो आणि तेल जागचं हलत नाही. मी रोज त्याची गळती तपासते, आणि माझ्या बापानं त्याच तेलावरून एका माणसाला चोर ठरवलं होतं.

मी बुचाची लाख फोडली. नाना ओरडले, "पुरावा हाय तो!" मी बशीत तेल ओतलं आणि खालून जुन्या स्पीकरचं चुंबक लावलं. तेल सरसर करत मधोमध गोळा झालं आणि त्याला काटे फुटले, धोतऱ्याच्या बोंडासारखे. चुंबक बाजूला सरकवलं तसे काटे त्याच्यामागं चालत आले. काढून घेतलं तसं पुन्हा साधं तेल. आई पदर तोंडाला लावून बघत राहिली.

"हे कुणी ओतलेलं नाही, नाना," मी म्हटलं. "काही कंपन्या ड्रायव्हर बनवतानाच घालतात. कॉईल तापते, तिची उष्णता हवेतून बाहेर जायला वेळ लागतो. हे तेल ती पटकन लोखंडाकडं नेतं. शिवाय तापलेल्या तेलाची चुंबकाकडची ओढ कमी होते, आणि थंड तेल जास्त ओढलं जाऊन त्याला बाजूला ढकलतं. आतल्या आत फिरत राहतं ते. तुम्ही ते पुसलंत, म्हणून कॉईली जळल्या."

नानांनी बशी उचलून खालून-वरून बघितली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुला बिराप्पानं फोन केलता का?"

मला रडू यायचं बाकी राहिलं. मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. तपासून बघा." हे मात्र त्यांना पटलं.

ट्रंकेतला तेलासकटचा ड्रायव्हर त्यांनी काढला. काकांच्या मालाबरोबर जादा आलेला सुटा त्यांनी साफ करून कपाटात ठेवलेला होता, तो घेतला. दोन्हींना एकच अ‍ॅम्प्लिफायर, एकच कर्कश सूर, सारखाच जोर. वायरी मी जोडल्या होत्या, म्हणून त्यांनी सगळ्या सोडवून पुन्हा स्वतः जोडल्या. भर दुपारी गल्लीत तो सूर सुरू झाला. आईनं कानात कापूस घातला, शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. नाना दोन्ही ड्रायव्हरांच्या पाठींवर एकेक हात ठेवून बसले.

वीस मिनिटांनी त्यांचा चेहरा खुलला. "बग! तेलवाला लय तापलाय. साफ केलेला थंड हाय. कोण जळणार आता?"

"थंड लागतोय, कारण उष्णता बाहेर आलेलीच नाही," मी म्हटलं. "आत कॉईलमध्येच कोंडलीय."

"बघू," नाना म्हणाले.

आणखी बारा मिनिटं गेली. मग साफ केलेल्या ड्रायव्हरचा सूर एकदा फाटला आणि बंद पडला. वार्निश जळल्याचा वास आला. दुसरा तसाच वाजत होता. नानांनी जळलेला उघडला. फट स्वच्छ, कॉईल कोळसा. त्यांनी चिंदीचा एक तुकडा घेतला, फटीतून फिरवला आणि बघितला. फटीत तेलाचा थेंब नव्हता. पाच तास खपून केलेलं काम त्यांच्या हातात होतं.

"म्हंजे मीच जाळलं," ते म्हणाले.

मी अ‍ॅम्प्लिफायर बंद केला.

"मग ते दोन? ठिपका फोडलेले? त्यात परत तेल कुठनं आलं?"

"काकांनी नवे आणून बसवले असणार. नव्यात असतंच तेल."

"पर मला न सांगता का?" त्यांचा आवाज पुन्हा कडक झाला. "बिनकामाचं कोण लपवतं का? इचारलं तवा गप का बसला?"

ते मला माहीत नव्हतं. मी एवढंच म्हटलं की आळ हजार माणसांत घेतला, तर तो हजार माणसांतच मागं घ्यावा लागेल. माफी फोनवर चालणार नाही. काकांचा धंदा बुडत होता, आणि नानांचा तर जगात दुसरा मित्रच नव्हता. नाना उठून परसात गेले आणि अर्धा तास पाण्याच्या टाकीपाशी उभे राहिले. मला वाटलं, हा माणूस जाणार नाही. नाना आजवर कुणापुढं चुकलो म्हणाले नव्हते, आईपुढंसुद्धा नाही.

पण रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून, मेडल न लावता, दारात उभे होते. काकांच्या हातात एकच मैदान उरलं होतं, त्यांच्या स्वतःच्या गावचं, जतच्या पलीकडचं. आम्ही दोघं एसटीनं गेलो. रस्ताभर नाना खिशातला कागद काढून वाचत होते. मध्येच म्हणाले, "तो मला मैदानातनं हाकलून दील." मग थोड्या वेळानं, "दिलं तर बरंच हाय."

मैदान माळावर होतं. लोक उतारावर बसले होते. कडेला मांडवाखाली काका मिक्सरवर हात ठेवून उभे होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि मान फिरवली. नाना त्यांच्याकडं गेलेच नाहीत. दोन कुस्त्यांच्या मधल्या वेळात सरळ निवेदकापाशी गेले, सलाम केला आणि माईक मागितला. माजी सैनिक म्हटल्यावर निवेदकानं दिला.

"मी, माजी हवालदार नाथाजी साळुंखे, रिपोर्ट देतो," नानांनी कागद वाचायला सुरुवात केली. "मागच्या महिन्यात मी बिराप्पा खांडेकरवर भर मैदानात आळ घेतला. तो खोटा हाय. मशीन मी जाळलं. जे तेल त्याला जगवत हुतं, ते मी घाण समजून पुसून काढलं. मला म्हाईत नव्हतं, आन् मी कुणाला इचारलं न्हाई. बिराप्पाचा काडीचा दोष न्हाई. ज्यांनी त्याची मैदानं काढून घेतली, त्यांनी माज्यामुळं काढली. ती त्याला परत द्यावी. रिपोर्ट संपला."

मग कुठूनतरी टाळी वाजली आणि उतारभर पसरली. पाच-सहा मोबाईल वर झालेले मी पाहिले, आणि पहिल्यांदाच मला त्यांचा राग आला नाही. नानांनी माईक परत दिला आणि मिक्सरच्या मांडवाकडं चालू लागले. मी मागं गेले.

काका त्यांच्याकडं न बघता म्हणाले, "झालं? बस आता खाली. कुस्ती लागती."

नाना बसले नाहीत. मी मनात म्हटलं, नाना, आता एक शब्दही काढू नका. पण ते नाना होते.

"एक इचारायचं हाय," ते म्हणाले. "उघडलंस का ते तू सांगितलं न्हाईस. नवं आणून मला न सांगता का बसवलंस?"

मी डोळे मिटून घेतले. काकांनी हलगीवाल्यांकडं बघत, हळू आवाजात सांगितलं. "तू साफ केलेल्यातलं दोन जानेवारीतच जळलं गड्या. म्हटलं, नाथाला सांगितलं तर त्याला वाटंल, आपला हात गेला. आता आपल्याला जमत न्हाई. आठ दिस जेवला नसतास तू. म्हून नवं आणलं आन् बसवलं. तुला कळू नये म्हून."

"मग मैदानात इचारलं तवा सांगायचंस."

"एवढ्या लोकांत? तुजं काम जळलं म्हून सांगू?"

मैदानात पैलवान उतरले, निवेदकानं नावं पुकारली.

"म्हंजे तू लपवत हुतास," नाना म्हणाले. "माजा संशय बरोबर हुता."

"व्हय," काका म्हणाले. "बरोबर हुता."

आणि नाना रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं; त्यांनाही ते कसं करायचं हे नीट माहीत नसावं, कारण ते ताठ उभे राहून, हात बाजूला ठेवून, हुंदके देत होते. बिराप्पाकाकांनी खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांच्या हातात दिला, आणि दुसऱ्या हातानं निवेदकाचा आवाज थोडा वाढवला, म्हणजे बाहेर कुणाला ऐकू जाणार नाही.